उभ्याने जेवणारी सुकरीबाई

सुकरीबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते जेवताना, आणि ती उभी होती. बोर्डिंगाच्या मागच्या पडवीत, डाव्या हातात पळसाच्या पानांची पत्रावळ धरून, खांबाला पाठसुद्धा न टेकवता ती भात खात होती. शेजारी ओटा होता, पाट होता, अंगणात चिंचेची गार सावली होती. पहाटेपासून पायाने दाबायच्या ढेकीवर धान कांडून तिचे पाय भरून आलेले असत. अशा माणसाने दोन घास तरी टेकून खावेत की नाही? पण ती बसायची नाही. भांडी घासताना, निवडताना बसायची, पण हातात अन्न आलं की उठून उभी राहायची.

बोर्डिंगातल्या पोरांना असलं काही दिसलं की पुरे. घोडा उभ्याने झोपतो आणि सुकरीबाई उभ्याने जेवते, अशी म्हणच त्यांनी पाडली होती. ती हसून घ्यायची. पोरांवर तिचा जीव होता आणि पोरांचा तिच्यावर, पण त्या जिवालाही हद्द होती. तिने कांडलेले तांदूळ चालायचे, तिने सारवलेल्या जमिनीवर पंगत बसायची, तिने घासलेल्या गंजात वरण शिजायचं. शिजलेल्या अन्नाला मात्र तिने हात लावायचा नाही. ती गोंडाची बाई होती, आणि रामाजी आचाऱ्याचा नेम कडक होता. हा कसला नेम, असं मी एकदा रामाजीला विचारलं, तर तो म्हणाला, पोरीच्या जातीने जास्त प्रश्न विचारू नयेत. मी तेव्हा गप्प बसले. आता बसले नसते.

ही गोष्ट चोपन्न सालची. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आमची शाळा सावली गावाच्या बाजूला, वैनगंगेपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. शाळेत मुली चारच, आणि आम्ही चौघी इंदुताईंच्या घरी राहायचो. इंदुताई आम्हाला शिवण आणि मराठी शिकवायच्या. त्यांचं घर बोर्डिंगाला लागून होतं, म्हणून सुकरीबाई दुपारी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडायला यायची. त्या ओट्यावरच एकदा इंदुताईंनी तिला सरळ विचारलं की बाई, तू बसून का जेवत नाहीस.

तिने हातातलं सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही, जसं काल बाजारात काय झालं ते सांगावं तसं सांगितलं.

तिचं गाव मुरमगुडा. नदीच्या पलीकडच्या काठावर, गडचिरोलीच्या अंगाला, सागाच्या रानात दहाबारा घरांचं. नवऱ्याचं नाव पोचू. ठेकेदाराचं लाकूड नदीत लोटायचं काम तो करायचा, आणि काम नसेल तेव्हा बसायचा. बसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असं ती म्हणाली. सावली दिसली की बसायचा, धुनी दिसली की बसायचा, हिच्या स्वयंपाकाशी येऊन बसायचा आणि गप्पा मारत राहायचा. त्यावरून ती त्याला बोलायची. मग स्वातंत्र्याच्या आदल्या साली पटकीची साथ आली आणि मुरमगुडा ओस पडलं. पोचू गेला. तिचं माहेर शेजारच्याच पाड्यात होतं, तिथे तर कोणीच उरलं नाही.

तिच्या लोकांत गेलेल्या माणसासाठी धोंडा उभा करतात. पण धोंडा घरच्यांनी आणायचा नसतो. तो सोयऱ्यांनी, म्हणजे ज्यांच्याशी लग्नं होतात त्या दुसऱ्या कुळातल्या लोकांनी, खांद्यावरून आणायचा. वाटेत जमिनीला टेकवायचा नाही. घरचं माणूस पुढे चालणार, मागून धोंडा येणार. तो रोवला की घरच्यांनी आपल्या हाताने शिजवलेला भात त्या खांदेकऱ्यांना तिथेच वाढायचा. ते जेवून हात धुतात तेव्हा मेलेला माणूस आपल्या लोकांत जाऊन बसतो. तोवर तो उभाच. दारात आलेल्या पाहुण्याला कोणी बसा म्हटलं नाही, की तो जसा अवघडून उभा राहतो तसा.

साथीत सोयरे कुठून आणायचे? तिने आणि तिचा दीर लालसू याने मिळून एक गुडघ्याएवढा धोंडा कसाबसा ओढत आणला आणि रोवला. घरात मूठभर तांदूळ नव्हते आणि जेवायला माणूसही नव्हतं. पुढच्या वर्षी रीतीने करू, असं लालसू म्हणाला. पण तो लाकडाच्या ठेक्यावर सिरोंच्याकडे गेला तो गेलाच. आणि एकदा रोवलेला धोंडा घरच्या माणसाने उपटायचा नसतो, म्हणजे चुकलेलं सुधारायचीही सोय नाही.

"धोंडा उभा झाला, पन मानूस बसला नाई," ती म्हणाली. "थो उभा हाये, मंग मी कशी बसू, बाई?"

 इंदुताईंनी सूप उचललं आणि राहिलेले तांदूळ स्वतः निवडले.

आता गुणवंतराव गुरुजींबद्दल सांगायला हवं, कारण ते नसते तर यातलं पुढचं काहीच घडलं नसतं. गुरुजी आम्हाला इतिहास शिकवायचे. नागपूरहून येणाऱ्या एका मासिकात त्यांनी चित्र पाहिलं होतं. परदेशातले विद्यार्थी जहाजात बसून ग्रीस देशाची बेटं बघायला निघाले आहेत आणि पडक्या देवळाच्या खांबांवर बसून मास्तरांचं ऐकत आहेत, असं ते चित्र. गुरुजींनी ते कापून वर्गात चिकटवलं. त्या दिवसापासून त्यांना चैन नव्हतं. ग्रीस आपल्या नशिबात नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी तर मुंबईचा समुद्रही पाहिला नव्हता. पण वैनगंगेला पाणी आहे, पाण्यात बेटं आहेत, आणि खाली मार्कंड्याला पडकी देवळं आहेत. आपल्यात काय कमी आहे, असं ते हेडमास्तरांना रोज विचारू लागले. शेवटी हेडमास्तर कंटाळले आणि नाताळच्या सुट्टीत सफरीची परवानगी मिळाली.

ठरलं ते असं. घाटावरून डोंग्यांतून मार्कंड्याला उतरायचं, एक दिवस देवळं बघायची, आणि काठाकाठाने डोंग्यांतूनच परत यायचं. स्वयंपाकाला रामाजी आणि भांड्यांना सुकरीबाई. हे कळलं तेव्हा सुकरीबाई इंदुताईंकडे आली. येताना मुरमगुड्याच्या काठाला डोंगा घडीभर लावता येईल काय, एवढंच तिचं मागणं होतं. पोचूचं काम पुरं होणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण त्याच्यापुढे चार दाणे ठेवावेत आणि आपण विसरलो नाही म्हणून सांगावं, असं तिच्या मनात होतं. इंदुताईंनी ते गुरुजींना सांगितलं. परतीचं दुपारचं जेवण मुरमगुड्याच्या काठावर, असं गुरुजींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्या रात्रीपासून ती आपल्या वाट्याच्या धानातले तांदूळ वेगळे कांडून एका फडक्यात साठवू लागली.

आमचं जहाज म्हणजे मोठ्या झाडाचं खोड कोरून केलेले डोंगे, दोन दोन एकत्र बांधून वर फळ्या टाकलेले. मुखरू ढिवर हा नावाड्यांचा पुढारी. तो गुरुजींना कप्तानसाहेब म्हणायला लागला आणि गुरुजींनाही ते आवडलं. नदीत ठिकठिकाणी वाळूची बेटं वर आलेली. गुरुजी प्रत्येकाला ग्रीक नाव देत होते, हे डेलॉस, हे ऱ्होड्स, आणि ढिवरांनी ज्यावर काकडीची वाडी केली होती ते क्रीट. आम्ही मुली मागे बसून खुसखुसत होतो. सुकरीबाई मात्र पलीकडच्या रानाकडे तोंड करून बसली होती. कुठला नाला नदीला मिळतो, कुठे दरड कोसळली, हे ती मनाशी जुळवत होती. मुरमगुड्याचा साग दिसला तेव्हा तिने माझा हात धरला आणि ते रान मागे पडेपर्यंत सोडला नाही.

मार्कंड्याची देवळं आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिली. वीज पडून शिखरं ढासळलेली, भिंतीभर देव, देवी, हत्ती, नाचणाऱ्या बाया. मी आजवर इतकं देखणं काही पाहिलेलं नाही, आणि तेव्हा तर मी काहीच पाहिलेलं नव्हतं. जिकडेतिकडे निखळलेले दगड पडले होते. त्यातला एखादा लहानसा हत्ती पिशवीत घालून न्यावा, असं दोनचार पोरांच्या मनात आलं असणार. गुरुजींनी ते ओळखलं. त्यांनी सगळ्यांना उभं करून एक नियम घालून दिला की ज्या दगडावर कोरीव काम दिसेल, त्याला हात लावायचा नाही. तो दगड आपल्या पूर्वजांचा आहे. पोरांनी तो नियम मोठ्याने म्हणून दाखवला.

सुकरीबाई मागे उभी राहून ऐकत होती. मग तिने गुरुजींना विचारलं की एवढे दगड वाहणाऱ्या लोकांना कोणी जेवू घातलं असेल काय.  तशी नोंद कुठे सापडत नाही, पण घातलं असेल, घालायलाच हवं होतं, असं गुरुजी म्हणाले. ती मान हलवून भांडी घासायला गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगे मुरमगुड्याच्या काठाला लागले. पोरं भुकेने कावलेली. सुकरीबाईने आपलं फडकं आणि एक धुवट लुगडं घेतलं. मेलेल्या माणसापुढे आंघोळीशिवाय जायचं नसतं, म्हणून ती आधी वळणापलीकडे नदीत उतरायला गेली. इकडे रामाजीला चूल मांडायची होती. काठावर सगळी वाळू, दगड नावाला नाही. नाल्यातून दोन मिळाले, तिसरा मिळेना. तेव्हा रामाजीने पोरांना वर रानात पिटाळलं. थोड्या वेळाने पोरं एक लालसर, वरून सपाट, गुडघ्याएवढा दगड खांद्यावर घेऊन उतरली. मापाने अगदी बरोबर. रामाजी खूश झाला, त्याने गंज चढवला आणि खाली काड्या पेटवल्या.

सुकरीबाईला पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. ओले केस पाठीवर, छातीशी फडकं धरलेलं, आंघोळीनंतर परस्पर वर गेलेली ती रानातून खाली पळत आली आणि चुलीसमोर थांबली. मग खाली वाकून तिने हातांनी जळत्या काड्या ओढून बाहेर काढल्या. रामाजी ओरडला, वेड लागलं काय म्हणून. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गंजाला धक्का देऊन तिने तो वाळूत लवंडला आणि त्या लाल दगडावर दोन्ही तळवे ठेवले. दगडाची एक कड धुराने काळी झाली होती. ती कड ती ओल्या पदराने पुसत राहिली.

इंदुताईंना आणि मला काय झालं ते लगेच कळलं.  इंदुताईंनी गुरुजींना बाजूला घेऊन चार शब्दांत सांगितलं, आणि गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी पोरांना विचारलं की हा कोणी आणला.  शेवटी आरमोरीकडचा वारलू पुढे आला. दोनदा नापास झालेला, वर्गात सगळ्यांहून उंच, पंगतीत सगळ्यांहून जास्त खाणारा. पोरं त्याच्यामागे लपत.

"मी आनला, गुरुजी," तो म्हणाला. "तिथी लयच धोंडे उभे होते. मोठ्यायले हात नाई लावला. याच्यावर नक्षी नवती."

गुरुजींनी तोंड नदीकडे फिरवलं. नियम त्यांचा, आणि पोरांनी तो अक्षरशः पाळला होता. थोड्या वेळाने ते सुकरीबाईजवळ गेले. चूक पोरांची नाही, माझी आहे, तू सांगशील तिथे आणि सांगशील तसा आम्ही हा दगड परत ठेवतो, असं ते म्हणाले. एवढ्या मोठ्या मास्तरांनी सगळ्यांदेखत चूक कबूल करावी, हे आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं.

 आता ही शिव्या देणार, शाप देणार, असं आम्हाला वाटलं, आणि दिले असते तर आम्ही मुकाट्याने घेतले असते. सुकरीबाई दगडावर हात ठेवून वारलूकडे पाहत होती. मग तिने त्याला विचारलं.

"घसरत आनला का खांद्यावर?"

"खांद्यावर."

"वाटेत खाली टेकवला होता काय?"

"नाई," वारलू म्हणाला. "आमी चौघं होतो. पारीपारीनं घेतला, पन खाली नाई ठेवला."

तिने डोळे मिटले. त्या मिटलेल्या डोळ्यांमागे काय चाललं होतं ते मला आज कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. घरच्या माणसाने जो धोंडा उपटायचा नव्हता, तो परक्यांनी उपटला होता. ज्या कुळातली माणसं तिला मिळत नव्हती, त्यांच्या जागी दुसऱ्याच रक्ताच्या चार पोरांनी तो खांद्यावरून आणला होता. रीत अर्धी होऊन गेली होती, कोणाला न कळता.

तिने डोळे उघडले आणि गुरुजींना सांगितलं की धोंडा याच चौघांनी परत न्यायचा, ती पुढे चालेल. नंतर त्यांना जेवू घालावं लागेल. भात तिने शिजवलेला आणि तिच्याच हाताने वाढलेला हवा, त्याशिवाय चालणार नाही.

हे ऐकून रामाजी पुढे सरसावला. त्याने गुरुजींना बजावलं की पोरांच्या घरी कळलं तर आईबाप शाळेवर चालून येतील, आणि जाब गुरुजींनाच द्यावा लागेल. तो खोटं बोलत नव्हता. पुढे सावली गावात त्या जेवणावरून लोकांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं, दोन मुलांची नावं शाळेतून निघाली, आणि गुरुजींची सफर पुन्हा कधी झाली नाही. हे सगळं होणार हे गुरुजींना त्या वाळूवर उभं असतानाच दिसत असणार. ते पोरांकडे वळले आणि म्हणाले की मी सुकरीबाईच्या हातचं जेवणार आहे, ज्याला नको असेल त्याने लाह्या घेऊन डोंग्यात बसावं, त्याला कोणी काही म्हणणार नाही. दोघं गेले. मी त्यांना नावं ठेवत नाही. एकाचा बाप फार मारकुटा होता.

धोंडा वर गेला. पुढे सुकरीबाई तांब्यातलं नदीचं पाणी वाटेवर थेंबथेंब सोडत चालली होती, मागे वारलू आणि बाकीचे तिघे. पोरं एरवी चालताना एकमेकांच्या पायांत पाय घालायची. त्या चढावर ती पाय जपून टाकत चालली. सागांच्या मधे उभ्या धोंड्यांची एक ओळ होती, काही माणसाएवढे उंच. त्या ओळीच्या टोकाशी ओल्या मातीचा एक लहानसा खड्डा. तिथे त्यांनी तो उतरवला. सुकरीबाईने स्वतः माती लोटली आणि पायाने दाबली.

भात तिथेच, धोंड्यांपासून दहा पावलांवर शिजला. चुलीला दगड पुन्हा कमी पडला तेव्हा मुखरू ढिवर खाली गेला आणि डोंग्याच्या दोरीला नांगर म्हणून बांधलेला आपला दगड सोडून घेऊन आला. मग डोंगा वाहून जाऊ नये म्हणून स्वतः दोरी हातात धरून काठावर बसला. सुकरीबाईने फडक्यातले आपले तांदूळ आधी गंजात टाकले आणि वर शाळेचे. रामाजी लांब उभा राहून बघत होता. पाणी जास्त झालं, असं तो एकदा पुटपुटला. मीठ राहिलं, असं दुसऱ्यांदा म्हणाला. तिने मीठ घातलं.

पंगत धोंड्याच्या समोर बसली. पहिला वारलू, मग त्याचे तीन साथीदार, मग सगळे. शेवटच्या टोकाला गुणवंतराव गुरुजी मांडी घालून बसले होते. त्यांनी वाटेत इतक्या बेटांना नावं दिली होती, इथे त्यांनी कशाला काही नाव दिलं नाही. सुकरीबाई वाकून एकेकाच्या पत्रावळीवर भात वाढत गेली. 

"खा बापू," ती वारलूला म्हणाली. "आता तुमी माह्ये सोयरे झाले."

वारलू दरवेळी पंगतीत हाणामारी करून वाढून घ्यायचा. त्या दिवशी त्याने सावकाश, मान खाली घालून, शीतही न सांडता खाल्लं. आम्ही सगळ्यांनी तसंच खाल्लं. भात थोडा आसट झाला होता, रामाजीचं म्हणणं बरोबर होतं. तरी मला अजून त्याची चव आठवते. जेवण झाल्यावर तिने तांब्या घेतला आणि त्या चौघांच्या हातांवर स्वतः पाणी घातलं. शेवटचा हात धुतला गेला तेव्हा ती धोंड्याकडे वळली आणि गोंडीत एकच शब्द म्हणाली. त्याचा अर्थ आम्हाला कोणी सांगितला नाही, आणि विचारायची गरजही नव्हती.

मग ती तिथेच उभी राहिली, रिकाम्या हातांनी. सगळ्यांना वाढलं, पण तिला कोण वाढणार, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. इंदुताई उठायला लागल्या. त्यांच्या आधी रामाजी पुढे आला. त्याने गंजाच्या तळाचा भात उलथण्याने खरवडून एका कोऱ्या पत्रावळीवर घेतला. तिच्याकडे न बघता तिच्यापुढे धरला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला. सवयीने ती तशीच उभी राहिली, पहिला घास हातात घेऊन. मग तिला आठवलं असावं. तिने घास परत पत्रावळीवर ठेवला, पदर सावरला, आणि पोचूच्या धोंड्याला पाठ टेकून ती खाली बसली.

ऊन उतरायला लागलं होतं, आणि काठाकाठाने अजून बरीच वाट कापायची होती. गुरुजींनी घाई केली नाही. खाली मुखरू ढिवर दोरी धरून बसला होता, त्यानेही हाक मारली नाही. सुकरीबाई एकेक घास सावकाश चावत होती, आणि तिचं जेवण होईपर्यंत आमच्यापैकी कोणीही जागचं उठलं नाही.